उल्हासनगर कॅम्प नं. ३ : एक कुलूप आणि एक किल्ली

प्रवासवर्णन म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें काशी-रामेश्वर, निदान महाबळेश्वर तरी उभें राहतें. आम्ही ज्या प्रवासाची हकीकत सांगणार आहों तो बदलापूर ते उल्हासनगर एवढाच. मध्यें एक अंबरनाथ स्टेशन टाकलें कीं संपला. आगगाडीनें पाव तासाची वाट. शिदोरी बरोबर घेण्याचें कारण नव्हतें. मात्र शिदोरीच्या जागीं आमच्या मांडीवर एक शिसवी पेटी होती, तिचें कुलूप उघडत नव्हतें, आणि तेवढ्यासाठींच आम्ही घराबाहेर पडलों होतों.

पेटी आमच्या आत्याबाईंची. त्या गेल्या वर्षीं, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षीं, निवर्तल्या. ऐन तारुण्यांत कुंकू पुसून त्या माहेरीं परतल्या तेव्हां आमच्या आजीनें कल्याणच्या वाड्यांतील साऱ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला बांधल्या, आणि वाडा उभा होता तोंवर तो जुडगा त्यांच्या कमरेवरून खालीं उतरला नाहीं. कोठीच्या खोलींतून साखर काढावयाची तरी घरच्या थोरल्या सुनेला त्यांच्यापुढें जाऊन उभें राहावें लागे; आत्याबाई सोवळ्यांत आहेत म्हणून सकाळचा चहा साखरेवांचून झाला, असेंहि आमच्या घरीं घडलेलें आहे. पुढें १९९४ सालीं वाडा पाडला, बिऱ्हाडें बदलापुरास आलीं, दारांना चपट्या किल्ल्यांचीं नवीं कुलुपें बसलीं, आणि जुडगा कोठें गेला हें कोणींच विचारलें नाहीं.

पेटी बाजाच्या पेटीएवढी, चारी कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, आणि कडीला मूठभर आकाराचें जुनें पितळी कुलूप. किल्लीचा पत्ता नाहीं. पेटी हलविली कीं आंत धातूचा खुळखुळाट होई, आणि त्या खुळखुळाटानें वर्षभर आमच्या घरांतील झोप उडविली होती. कोणी म्हणे आजीच्या गोठ-पाटल्या, कोणी म्हणे रुपये. धाकट्या काकांचें मत, करवतीनें कडी कापावी व एकदांचें काय तें पाहून घ्यावें. थोरल्या वहिनी एरव्हीं काकांपुढें शब्द काढीत नाहींत; पण त्या दिवशीं त्या स्वयंपाकघराच्या दारांत येऊन म्हणाल्या, “ज्यांनीं जन्मभर कुलपाला हात लावूं दिला नाहीं, त्यांच्याच पेटीचें कुलूप मोडायचें का, काका?” काका गप्प बसले. अखेर ठरलें तें असें : कुलूप न मोडतां किल्ली करवून आणावी, पण झांकण बाहेर कोठें उचलूं नये, तें सर्वांच्या देखत घरींच उघडावें. हें काम आमच्याकडे आलें, कारण जुन्या किल्ल्या जमविण्याचें वेड आम्हांस आहे. आणि वेड्याला त्याच्या वेडाचेंच काम सांगितलें म्हणजे घरांत शांतता राहते.

हें वेड आम्हांस पुण्यास लागलें. बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. कै. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता करीत, आणि उरलेला जन्म त्यांनीं घरोघरीं अडगळींत पडलेले अडकित्ते, समया, दौती, कुलुपें गोळा करण्यांत घालविला. अकालीं गेलेल्या मुलाचें नांव त्या संग्रहाला देऊन १९७५ सालीं त्यांनीं तो सरकारच्या स्वाधीन केला. तेथील जुनीं कुलुपें पाहतांना आमच्या मनांत आलें कीं कुलुपें जपणारे पुष्कळ भेटतील, पण कुलूप हरवल्यावर उरलेल्या किल्लीला कोण विचारतो? घरीं येऊन अडगळीचा डबा उपसला. पहिल्या दिवशींच सतरा किल्ल्या निघाल्या. दुसऱ्या दिवशीं सौभाग्यवतींनीं आमच्यावरील प्रेमानें त्या सतराहि किल्ल्या चिंच आणि राख लावून लखलखीत करून ठेवल्या. वाचकहो, जुन्या किल्लीवर तिची सारी जन्मकथा लिहिलेली असते, आणि ती चिंचेनें साफ पुसून जाते. रॉकेलाचा बोळा फिरवावा, मऊ फडक्यानें पुसावें. यापलीकडे कांहीं करूं नये.

आमच्या गांवांत किल्ल्या करून देणारे दोघे आहेत. दोघांकडेहि विजेचें यंत्र आहे. एका बाजूस जुनी किल्ली, दुसऱ्या बाजूस कोरी, कीं दोन मिनिटांत तिची जुळी बहीण तयार. पण मूळ किल्लीच नाहीं म्हटल्यावर एकानें मान हलविली व दुसऱ्यानें भोंक पाडण्याचें यंत्र हातांत घेतलें. तेथून आम्ही पेटी उचलून पळालों. मग कोणीं सांगितलें कीं उल्हासनगरास तीन नंबर कॅम्पांत एक वृद्ध सरदारजी आहेत. ते हातानें काम करतात.

दुपारच्या गाडींत गर्दी कमी असते असा आमचा समज होता, तो खोटा ठरला. पेटी मांडीवर घेऊन आम्ही खिडकीशीं बसलों. अंबरनाथ आलें. वालधुनीच्या कांठचें तेथील शिवालय शके ९८२ चें, म्हणजे इ. स. १०६० मधील, शिलाहारांच्या काळचें. दर खेपेस उतरावें असें मनांत येतें, आणि दर खेपेस गाडी पुढें जाते. समोरच्या बाकावरील भजनी मंडळींची नजर मघांपासून पेटीवर होती. शेवटीं एक जण अदबीनें म्हणाले, “बुवा, सूर कोणता लावतां?” ही बाजाची पेटी नव्हे, हें त्यांना पटवितां पटवितां उल्हासनगर आलें.

उल्हासनगराबद्दल आपल्या पांढरपेशा घरांतून दोनच गोष्टी बोलल्या जातात : एक तेथील स्वस्त फर्निचर, आणि दुसरी, तेथें तयार होऊन विलायती नांवानें विकल्या जाणाऱ्या मालाची थट्टा. ही थट्टा आम्हींहि पुष्कळ वेळां केलेली आहे. पण हें गांव मुळांत गांव नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी पडली, तिच्या या बराकी. युद्ध संपलें, शिपाई गेले, आणि फाळणीनंतर त्या रिकाम्या बराकींत सिंधी निर्वासित येऊन उतरले. त्यांची संख्या सुमारें एक लाखावर गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें कोनशिला बसली, आणि उल्हास नदीवरून या वस्तीला उल्हासनगर हें नांव मिळालें. छावणीचे पांच भाग होते, ते आजहि पांच कॅम्पच आहेत. बराक पाडून तिच्या जागीं पांच मजल्यांची इमारत उठली, तरी पत्त्यांत बराकीचा नंबर चालूच असतो. मध्यवर्ती रुग्णालयावरून रिक्षा पुढें गेली तेव्हां आम्ही दारांवरच्या पाट्या वाचीत होतों. जवळजवळ प्रत्येक पाटीवर नांवाच्या खालीं तो नंबर.

सरदारजींचें दुकान म्हणजे एका भिंतीला टेकून लावलेलें ताडपत्रीचें छप्पर. खालीं लांकडी खोका, त्यावर शिकंजा, बाजूस हातभर ऐरण, आणि लोखंडाच्या कड्यांत ओवलेल्या शेंदीडशें जुन्या किल्ल्या. वय पंचाहत्तरीच्या पुढें. ते शिकलगारांपैकीं. शिकलगार म्हणजे मुळांत शस्त्रांना पाणी व धार देणारे लोक. तलवारीचा धंदा बसल्यावर त्यांच्यांतील पुष्कळ घरें सुऱ्या, कुलुपें, किल्ल्या यांवर पोट भरूं लागलीं. सरदारजींनीं पेटीकडे पाहिलें, मग आमच्याकडे, आणि पहिला प्रश्न केला तो किंमतीचा नव्हे. “पेटी कोणाची?”

आम्हीं सांगितलें. त्यांचें समाधान झालें नाहीं. आत्याबाई कोण, किल्ली कां नाहीं, उघडण्याला घरच्यांची संमति आहे कीं नाहीं, हें सारें त्यांनीं विचारून घेतलें, आणि अखेर आमच्या भ्रमणध्वनीवरून थोरल्या वहिनींशीं स्वतः बोलले. एवढें झाल्यावर म्हणाले, “रागावूं नका. आमच्या हातांत चोराचीच विद्या आहे. फरक एवढाच, कीं आम्ही आधीं विचारतों.”

मग त्यांनीं हत्यारें मांडलीं. त्यांत आमची नजर गेली ती एका लहान, चपट्या कानशीवर. जुनें हत्यार ओळखण्याची एक खूण आम्हांस ठाऊक होती. यंत्रावर घातलेले कानशीचे दात एकसारखे, शिस्तीत उभ्या केलेल्या शाळकरी मुलांसारखे असतात. छिन्नीनें एक एक दात हातानें घातलेला असला म्हणजे ओळी किंचित् विषम पडतात, एखादा दात खोल, एखादा उथळ. ही कानस हाताची होती. सरदारजींना विचारलें तेव्हां ते प्रथमच हंसले. ती त्यांच्या आजोबांची होती. दोनदां दात बोथटले, दोनदां घांसून पुन्हां घातले. आतां ती इतकी पातळ झाली होती कीं तिसऱ्यांदा दात घालावयास लोखंडच उरलें नव्हतें.

पेटीचें कुलूप त्यांनीं उजेडाकडे धरलें. किल्लीच्या छिद्रांत मधोमध एक बारीक खुंटी दिसत होती. येथें थोडें शास्त्र सांगितलें पाहिजे. ज्यांना कंटाळा असेल त्यांनीं हा परिच्छेद ओलांडावा. छिद्रांत खुंटी असली म्हणजे किल्लीची दांडी पोकळ, नळीसारखी असली पाहिजे. ती खुंटीवर बसते व तिच्याभोंवतीं फिरते. असें कुलूप एकाच बाजूनें उघडतें, म्हणून तें पेटीला, कपाटाला अगर कडीला असतें. उलट, भरीव दांडीची व दोन्ही अंगांनीं सारख्या दातांची किल्ली सांपडली, तर ती दोन्ही बाजूंनीं उघडणाऱ्या दाराची समजावी. दांत्यांच्या जागीं मळसूत्राचे आटे असले तर तें आपल्याकडील पेचाचें कुलूप. किल्ली फिरवीत गेलें कीं आंतली दांडी मागें येते. टोंकाला नुसतीं भोकें अगर खाचा असलेली किल्ली फिरवावयाचीच नसते. ती सरळ आंत ढकलली कीं पसरलेल्या पोलादी पट्ट्या मिटतात आणि कुलूप सुटतें. दातांना नक्षीसारख्या आडव्याउभ्या खाचा असल्या तर कुलुपाच्या पोटांत तशाच आकाराच्या आडभिंती आहेत असें जाणावें. ही युक्ति दिसावयास भारी, पण कच्ची : खाचा नेमक्या हुडकीत न बसतां सारें पातेंच कानशीनें बारीक केलें कीं तें भिंतींना चुकवून जातें, आणि अशी एक गुरुकिल्ली दहा कुलुपें उघडते. जिन्याच्या पायऱ्यांसारखे कमीजास्त उंचीचे दात म्हणजे खटक्यांचें कुलूप. त्यांत प्रत्येक खटका नेमका तेवढाच उचलला पाहिजे. कमी उचलला तरी अडतें, अधिक उचलला तरी अडतें. १७७८ सालीं इंग्लंडांत बॅरन् नांवाच्या कारागिरानें ही युक्ति काढली. १८१८ सालीं जेरेमाया चब् यानें तींत आणखी एक खोडी घातली. परक्या हत्यारानें खटका जास्त उचलला गेला कीं एक पट्टी अडकून बसते; मग मालकाची स्वतःची किल्लीहि एकदम लागत नाहीं, आणि कोणी तरी हात लावून गेला हें कुलूपच मालकाला सांगतें. आमच्या आत्याबाईंना हें कुलूप फार आवडलें असतें.

असल्या कुलुपांचा अभिमान कसा उतरतो याचीहि एक मौजेची गोष्ट आहे. जोसेफ ब्रामा नांवाच्या लंडनच्या कारागिरानें १७९० सालीं आपलें कुलूप दुकानाच्या खिडकींत ठेवून, उघडील त्यास दोनशें गिनी, अशी पाटी लावली. साठ वर्षें पाटी तशीच राहिली. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळीं हॉब्ज् नांवाचा एक अमेरिकन आला. त्यानें सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास खपून तें उघडलें व गिनी मोजून घेतल्या. आपल्याकडे मुंबईस लालबागेंत १८९७ सालीं आर्देशीर गोदरेज यांनीं कुलुपांचा कारखाना काढला, त्याच्या आधींपासून अलीगढास कुलुपें घडत होतीं. हल्लींच्या चपट्या किल्लीचें कुलूप येल् या अमेरिकनाचें म्हणतात. पण त्यांतील खुंट्यांची युक्ति प्राचीन मिसर देशांतील लांकडी कुलुपांत होतीच.

आमच्या पेटीचें कुलूप आडभिंतींचें निघालें. सरदारजींनीं डब्यांतून नळीची एक कोरी किल्ली काढली, तिचें पातें मेणबत्तीच्या ज्योतीवर धरलें, काजळी चांगली धरली तेव्हां ती कुलुपांत घालून हलकेच फिरविली आणि बाहेर काढली. काजळीवर एके ठिकाणीं केसाएवढी रेघ उमटली होती. आंतील भिंत तेथें लागत होती. तेवढीच जागा आजोबांच्या कानशीनें कापली. पुन्हां काजळी, पुन्हां किल्ली आंत, पुन्हां एक रेघ. किती वेळां हें झालें तें आम्हीं मोजलें नाहीं. घड्याळाप्रमाणें पावणेदोन तास झाले. शेवटच्या खेपेस किल्ली अडली नाहीं. कडी टक् करून वर उडाली, आणि सरदारजींनीं ती आमच्या हातांत न देतां लगेच खालीं दाबून कुलूप पुन्हां लावलें. “घरीं उघडायचें ठरलें आहे ना?” ते म्हणाले.

पैसे देऊन उठतांना आमचें वेड उचंबळलें. कड्यांतील जुन्या किल्ल्या आम्ही चाळूं लागलों, दोनचार मागितल्याहि. सरदारजी म्हणाले, “जुन्या किल्ल्या पाहायच्या असतील तर मागच्या बराकींत अमां आहेत त्यांच्याकडे जा. वर्षानुवर्षें मला विचारतात, ही किल्ली कसल्या कुलुपाची तें सांग. मी कुलुपावरून किल्ली करतों; किल्लीवरून कुलूप कोठून सांगूं?” त्यांनीं एक पोऱ्या बरोबर दिला.

अमां ऐंशीच्या बऱ्याच पलीकडल्या. नातसुनेनें रीतीप्रमाणें पापड आणि पाणी पुढें ठेवलें. अमांचें मराठी आमच्यापेक्षां वाईट नव्हतें. मधून मधून एखादा सिंधी शब्द येई एवढेंच. त्या ‘कुलुफ’ म्हणाल्या तेव्हां आम्हांला तर्जुम्याची गरज पडली नाहीं, कारण अरबी ‘कुफ्ल’ त्यांच्याकडे जसा पोंचला तसाच आमच्याकडेहि पोंचून ‘कुलूप’ झाला आहे. (आपली ‘चावी’ मात्र पोर्तुगीजांची.) घर शिकारपूरचें. बुखाऱ्यापर्यंत ज्यांच्या हुंड्या चालत त्या सावकारांचें गांव. फाळणीच्या वर्षीं अमा आठ वर्षांच्या. कुटुंब हिंवाळ्यांत निघालें, कराचीस थांबलें. जानेवारी १९४८ मध्यें कराचींत दंगा झाला आणि मग बोटीनें मुंबई, व तेथून ही बराक. एका लांबलचक खोलींत गोणपाटाचे पडदे लावून बारा कुटुंबें राहत, असें त्या सांगत होत्या.

किल्ली त्यांनीं देव्हाऱ्यांतून काढली. लाल दोऱ्यांत बांधलेली, चार बोटांहून थोडी लांब, लोखंडी. येथें आमच्या हातून एक गोष्ट घडली ती सांगितली पाहिजे. किल्ली हातांत येण्यापूर्वींच, ती देणार असाल तर काय घ्याल, असें आम्हीं विचारून बसलों. नातसुनेची मान खालीं गेली. अमांनीं ऐकलें नाहीं असें दाखविलें आणि म्हणाल्या, “आमच्या मोठ्या दरवाजाची आहे. माझ्या आजीच्या हातची. तीन पिढ्या याच किल्लीनें घर उघडलें. एवढें सांगा, कुलूप कसें होतें? मला दरवाजा आठवतो, कुलुफ आठवत नाहीं.”

आम्हीं भिंग काढलें. दांडी नळीची, म्हणजे कडीला लावावयाचें कुलूप. दात सहा पायऱ्यांचे. पांच खटक्यांच्या आणि सहावी दांडा सरकविणारी. पातें एवढें रुंद कीं कुलूप तळहाताएवढें मोठें असलें पाहिजे. मुठीवरचा ठसा इतका गुळगुळीत झालेला कीं ‘५’ हा आंकडा तेवढा नखाला लागे. एथवर सारें सरळ होतें, आणि आम्ही तें सांगतहि होतों. मग दातांकडे भिंग नेलें आणि बोलणें थांबलें.

रोज उघडझाप करणाऱ्या किल्लीचे दात झिजून गोलसर होतात. पायऱ्यांच्या कडा मऊ पडतात, खटक्यांच्या घर्षणानें त्यांना एक प्रकारची चकाकी येते. या किल्लीच्या प्रत्येक पायरीवर करणाऱ्याच्या कानशीच्या आडव्या रेघा जशाच्या तशा होत्या. मूठ झिजलेली आणि दात कोरे. ती पाऊणशें वर्षें हातांत धरली गेली होती, पण कुलुपांत फिरली नव्हती. फिरली असली तर फार तर एकदोनदां. तीन पिढ्यांची ती खास नव्हती.

हें सांगावें कीं न सांगावें? संग्रह करणाऱ्याला आपलें ज्ञान बोलून दाखविण्याची मोठी हौस असते, आणि त्या हौसेपायीं दुसऱ्याच्या देव्हाऱ्यांतील वस्तु हलवूं नये, एवढें आम्हांला कळत होतें. ‘फार जुनें, भक्कम कुलूप होतें’ असें म्हणून उठतां आलें असतें. पण अमांनीं आमचा चेहरा पाहिला होता. “बोल बेटा,” त्या म्हणाल्या, “सत्तर वर्षें विचारतें आहें. खोटें ऐकायला विचारीत नाहीं.”

आम्हीं सांगितलें. भिंग त्यांच्या हातांत दिलें, रेघा दाखविल्या. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग कुलूप जणूं समोर दिसल्याप्रमाणें म्हणाल्या, “नवें होतें. बाबांनीं निघायच्या आठवड्यांत बाजारांतून आणलें. पिवळें, जड. जुन्याचा भरंवसा नव्हता.” आणि थोड्या वेळानें, “दोन किल्ल्या होत्या त्याला.” दुसरी शेजारच्या चाच्यांना दिली होती. गच्चीवर शलगम आणि गाजराच्या लोणच्याच्या बरण्या उन्हांत होत्या. आई जिन्यावरून परत फिरून चाच्यांच्या बीबीला बजावून आली होती, कीं आठ दिवसांनीं बरण्या हलवा, नाहीं तर बुरा येईल. दोन महिन्यांत परत येऊं असें ठरलेलें. शिकारपुरी लोणच्याची कीर्ति आपल्याकडेहि आहे. त्या बरण्यांचा उल्लेख होतांच नातसून प्रथमच बोलली, कीं आजहि या घरीं तें लोणचें त्याच हातानें होतें.

“मग कुलूप लावलें तें कोणत्या किल्लीनें?” अमांनीं विचारलें. त्याला किल्लीची गरज नसते, कडी दाबली कीं लागतें, असें आम्ही म्हणालों. “म्हणजे उघडलें असेल तें चाच्यांच्याच किल्लीनें.” त्या आपल्याशीं म्हणाल्या, “आधीं लोणच्यासाठींच उघडलें असेल.”

पुढें निर्वासितांच्या मालमत्तेचे कायदे झाले, १९५४ सालीं भरपाईचाहि झाला; अमांच्या वडिलांनीं कागदांबरोबर ही किल्लीहि नेऊन दाखविली होती. दावा कागदांवर चालला. किल्ली खिशांत परत आली. त्या हें सांगत होत्या, पण त्यांचें लक्ष तेथें नव्हतें. अंगठ्यानें त्या पायऱ्या चांचपून पाहत होत्या. आम्ही निघालों तेव्हां किल्ली त्यांनीं देव्हाऱ्यांत ठेवली, आणि आमच्या हातावर लोणच्याची एक लहान बरणी ठेवली. किंमतीचें आम्हीं पुन्हां काढलें नाहीं. कांहीं वस्तु विकत मागण्याच्या नसतात, हें शिकावयास आम्हांस इतकीं वर्षें लागावीं याची शरम वाटली.

संध्याकाळच्या गाडींत उभ्यानें, मांडीवर धरावयाची पेटी डोक्यावर धरून, बदलापुरास आलों. सारे जमलेच होते. काकांनीं पाट मांडविला होता. वहिनींच्या हातीं नवी किल्ली दिली. त्यांनीं कुलूप काढलें व झांकण उचललें.

गोठ नव्हते, पाटल्या नव्हत्या. जुनें नऊवारी घडी करून अंथरलेलें, आणि त्यावर वाड्याचा जुडगा. एकेका किल्लीला सुती चिंधी बांधलेली, आणि चिंधीवर आत्याबाईंच्या अक्षरांत शाईनें : कोठी. देवघर. माजघराचें फडताळ. माळा. दिंडी. काका पहिल्यानें कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं ‘माळा’ उचलली, आणि लहानपणीं आपल्याला तेथें कोंडलें होतें ती गोष्ट, जी आम्हीं आजवर त्यांच्या तोंडून कधींच ऐकली नव्हती, ती सांगूं लागले.

जेवणानंतर आम्ही भिंग घेऊन बसलों. कोठीच्या किल्लीचे दात अर्धे झिजलेले. देवघराचे त्याहून थोडे कमी. दिंडीची मोठी किल्ली जवळजवळ कोरी, कारण वाड्याचें दार आंतून अडसरानें लागे आणि घरांत कोणी ना कोणी असेच. एका किल्लीला मात्र चिंधी नाहीं. लहान, नळीची, आणि साऱ्या जुडग्यांत हिच्याएवढी झिजलेली दुसरी नाहीं. ती कशाची, हें घरांतील कोणाला ठाऊक नाहीं. उद्यां नागपुरास मोठ्या काकूंना विचारावयाचें आहे. वहिनींनीं तोंवर सारा जुडगा चिंचेनें धुवून देतें म्हणून मागितला. आम्हीं ती एक किल्ली काढून घेतली.